ताई, आत बसा: रत्नागिरीतल्या हॉटेलवाल्यांना एक खुलं पत्र

रत्नागिरी शहरातल्या लहान हॉटेलांच्या, खानावळींच्या आणि चहाच्या दुकानांच्या मालकांस, गल्ल्यावर बसणाऱ्या वहिनींस आणि टेबल पुसणाऱ्या पोरांस,

सप्रेम नमस्कार.

मी तुमची गिऱ्हाईक. रोजची नव्हे, शनिवारची. मूळची राजापूरची, नोकरीपायी गेली 19 वर्षं रत्नागिरीत. मुलगा शिकायला पुण्याला गेला, नवऱ्याची बदली दापोलीला झाली, आणि एकटीच्या जिवासाठी सुट्टीच्या दिवशी गॅस पेटवायचा नाही असं मी ठरवून टाकलं. त्याला यंदा तीन वर्षं होतील. मारुती मंदिरापासून मांडवीपर्यंत आणि साळवी स्टॉपपासून मिरकरवाड्याच्या तोंडापर्यंत तुमच्यापैकी बहुतेकांकडे मी एकदा तरी जेवलेय, काहींकडे वीस-वीसदा. कुणाची सोलकढी सकाळचीच असते, कुणाकडे दीडनंतर भाकरी संपते, कुणाचा मुलगा बिलात चुकतो आणि नेहमी स्वतःच्याच नुकसानीत चुकतो, हे सगळं मला पाठ आहे. तेव्हा हे पत्र परक्या माणसाचं समजू नका.

"ताई, आत बसा. फॅमिली आत."

हे वाक्य मी तुमच्याकडे इतक्यांदा ऐकलंय की पायरीवर छत्री मिटता मिटताच ते कानात वाजायला लागतं. सांगणारा कधी उद्धट नसतो. फडकं खांद्यावर टाकून तो स्वतः पुढे होतो, पडदा बाजूला धरतो. मानानं आत धाडतो, म्हणून तर इतके दिवस मी काही बोलले नाही. माझ्यासोबत नवरा नसतो, पोर नसतं, सासू नसते. मी, पर्स आणि गळणारी छत्री, एवढीच माझी फॅमिली. माझ्या पाठोपाठ बाप आणि त्याचा दहा वर्षांचा मुलगा आले, तर ते मात्र फॅमिली नव्हेत. ते बाहेर बसतात.

ही आतली खोली तुम्ही रोज बघता, पण तिथं बसून कधी जेवलायत का? काहींनी आत एसी बसवलाय, तिथं मुंबई-पुण्याच्या गाड्या उतरतात, त्यांचं सोडा. मी म्हणतेय ती खोली आठ बाय दहाची. एका भिंतीला थंड पेयांचे क्रेट, त्यावर कांद्याचं पोतं, पोत्यावर पोऱ्याची शाळेची बॅग. पंखा असतो, पण त्याचं बटण बाहेर गल्ल्याच्या मागं. म्हणजे उकडलं की बाईमाणसानं पडद्यातून मान काढून ओरडायचं. टेबलावर आधीच्यांची हाडं तशीच, कारण फडकं मारणारा आत शेवटी येतो. आणि वॉशबेसिन? ते बहुतेकांकडे नेमकं आतच. त्यामुळे बाहेर जेवलेला प्रत्येक बाप्या माझ्या पाठीशी उभा राहून हात धुतो, खाकरतो, चूळ भरतो आणि आरशात बघून भांग पाडतो. बायकांच्या एकांताची सोय ती ही.

यातलं काही मला फारसं लागत नव्हतं. लागलं ते पेडव्यांमुळे.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. बाजाराकडची एक खानावळ, नाव घेत नाही, ओळखायची ते ओळखतील. मी तिथं सात-आठदा जेवले होते, दरवेळी आत. आत गेलं की प्लॅस्टिकमध्ये घातलेलं कार्ड पुढ्यात यायचं: सुरमई थाळी, पापलेट थाळी, कोलंबी थाळी, बांगडा थाळी, अंडाकरी, पनीर. मी बांगडा सांगायचे. त्या दिवशी दिवाळीआधीचा रंग चालला होता, आतल्या खोलीत घोडा लावलेला. नाइलाजानं मला बाहेर, स्वयंपाकघराच्या खिडकीलगत बसवलं. समोर रिक्षावाले काका, पलीकडे दोघं जण, बहुधा पालिकेतले. इतक्यात वहिनी पदराला हात पुसत दारात आल्या आणि कुणाकडे न बघता म्हणाल्या, "पेडवे गावलेत आज. तिखलं केलंय. कोणाला?"

तीन हात वर झाले. मीही केला.

हे तिखलं कार्डावर नव्हतं आणि कधीच नसणार. पेडवे म्हणजे स्वस्त, काटेरी, बारके मासे. पर्यटकाला ते कोण सांगणार? पातेल्याच्या बुडाशी अंगासरशी आटवलेलं, लालभडक, आमसुलानं आंबटलेलं, वरून कच्चं खोबरेल सोडलेलं. तिरफळाची बी काढून नुसती टरफलं चेचून घातलेली, तशीच घालायची असतात. दुसऱ्या घासाला जिभेचं टोक हलकंसं बधिरलं आणि मला थेट राजापूरला आमच्या चुलीपाशी बसल्यासारखं झालं. एका प्लेटीचे 60 रुपये. मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

वहिनींना विचारलं, हे रोज करता? म्हणाल्या, "गावतील तेव्हा करतो. बाहेर सांगतो ना, जेवायच्या आधी." बाहेर सांगतो. मी सात-आठदा पडद्याआड बांगडा खाल्ला, तेव्हा बाहेर कधी मांदेली झाली असेल, कधी मोरीचं सुकं, कधी कालवं. आत सांगायला कुणी येत नव्हतं. आत कार्ड येत होतं.

त्या दिवसापासून मी लक्ष देऊन बघायला लागले. हॉटेल बाहेर असतं. गल्ला बाहेर, पेपर बाहेर (त्याची तीन पानं तीन टेबलांवर), कुठल्या बोटीला काय लागलं ती बातमी बाहेर, कुणाची कलमं कितीला गेली आणि लांज्याची एसटी का रखडली हेही बाहेर. 'राजकीय चर्चा करू नये' ही पाटी बाहेर आणि तिच्याखाली चाललेली राजकीय चर्चाही बाहेरच. आत फक्त जेवण.

खानावळ म्हणजे काय हे कोकणाला कुणी शिकवावं असं नाही. आपल्या दोन-तीन पिढ्यांचे पुरुष मुंबईला गिरणीत गेले, गाळ्यात वळकटी टाकून राहिले, आणि त्यांना दोन वेळचं जेवू घातलं ते गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांनी. महिन्याचा हिशेब, पगार झाला की पैसे, तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज त्या बाईच्या डोक्यावर. अशाच बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेची कर्जं मिळवून देऊन त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवलं. माझे मोठे मामा लालबागला अशाच एका बाईकडे जेवायचे. 1982 च्या संपानंतर ते गावी परतले ते कायमचे. तिच्या कुळथाच्या पिठीचं कौतुक मरेपर्यंत करत. एकदा मी विचारलं, ती कधी जेवायची? मामा बराच वेळ गप्प राहिले. म्हणाले, "आम्ही सात-आठ जण बसायचो. ती कधी जेवायची ते कोणी बघितलं नाय गो."

तुमच्याकडे आज वेगळं काय आहे? मागच्या दारी भाकऱ्या थापणारी बाई. वाटप वाटून देणारी बाई. मसाला वर्षाचा करून ठेवणारी तुमची आई. मासळी घेऊन येणारी बाई, आणि भाव करणारी वहिनी. बाहेरच्या सहा टेबलांवर बसलेले मात्र चोवीसच्या चोवीस पुरुष.

मच्छी मार्केटच्या तोंडाशी चहाचं एक दुकान आहे. सकाळी तिथं उभं राहून बघा. ज्या बायका बंदरावर पुरुषांच्या गर्दीत घुसून लिलावात बोली लावतात, ज्यांच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नाही, त्या चहा मात्र आत बसून पीत नाहीत. पोऱ्या काचेचा ग्लास घेऊन बाहेर येतो. बाई पाटीपाशी उकिडवी बसल्या बसल्या, एका हातानं माशा वारत, तीन घोटांत चहा संपवते. ग्लास परत आत जातो. बाई बाहेरच. मी त्यातल्या एकीला विचारलं, बाकड्यावर का नाही बसत घटकाभर? ती हसली. "आमाला काय कोन नको म्हंतंय? पन बसत नाय बा कोन." कुणी नको म्हटलेलं नाही, तरी कुणी बसत नाही. माझ्या 'आत बसा'पेक्षा हे जास्त जुनं आहे, हे मला तेव्हा कळलं.

हॉटेलात कोण कुणाशेजारी बसणार हा प्रश्न या शहराला नवा नाही. सावरकर इथं 1924 ते 1937 या काळात स्थानबद्ध होते. पतितपावन मंदिर 1931 चं, ते सगळ्यांना माहीत आहे, पर्यटकही बघतात. त्यानंतर दोन वर्षांनी, 1933 साली, इथं अखिल हिंदू उपाहारगृह निघालं ते फारसं कुणाच्या लक्षात नसतं. सगळ्या जातींच्या हिंदूंनी एका छपराखाली चहा-चिवडा घ्यावा, अस्पृश्य म्हटलेल्यांच्या हातून घ्यावा, यासाठी ते होतं. जातीबाहेरच्या माणसाच्या हातचं पाणी न चालणाऱ्या काळात एका चहाच्या दुकानानं हे करायचं म्हणजे लहान गोष्ट नव्हे. (नावातच त्याची हद्दही आखलेली होती, राजिवड्यातल्या मुसलमान माणसानं त्या नावाखाली कुठं बसायचं होतं, हाही प्रश्न मला पडतो.) पण बायका तिथं जाऊन बसत होत्या का? बसल्या असतील तर कुठं? कुणी जुनं माणूस सांगू शकलं तर मला ऐकायचंय.

त्याच्याही आधी, 1927 च्या मार्चमध्ये, आपल्याच कोकणात महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीनं प्यायलं. त्यांचं मूळ गाव आंबडवे तर आपल्या जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं. पुढं त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं जी घटना मांडली, तिच्या 15 व्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे: धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुणाला तिथं मज्जाव करता येणार नाही. चहाच्या हॉटेलाचा उल्लेख देशाच्या घटनेत करावा लागला, त्या अर्थी तिथं काहीतरी घडत असणार. मला 'आत बसा' म्हणणं म्हणजे घटनाभंग, असं म्हणायला मी वकील नाही. आणि असते तरी आठ बाय दहाच्या खोलीसाठी कोर्टात गेले नसते. पण कलम वाचताना तुमच्या बाकड्यांची आठवण झाली, म्हणून सांगितलं.

आता माझी एक तक्रार, तीही नाव न घेता. याच फेब्रुवारीत एके ठिकाणी बाहेरचं टेबल रिकामं होतं म्हणून मी सरळ जाऊन बसले. कुणी काही बोललं नाही. ताट आलं, दोन घास झाले, तेवढ्यात चौघं जण आत आले. मालक गल्ल्यावरूनच म्हणाले, "ताई, जरा आत सरका ना. चौघं आहेत." मी काही म्हणायच्या आत पोऱ्यानं माझं ताट उचललंसुद्धा. पडद्याच्या दांडीला त्याचा हात लागला, वाटी कलंडली आणि सोलकढी माझ्या ओढणीवर. पोरगं बिचारं पांढरंफटक पडलं. मी त्याला म्हटलं, असू दे रे, आणि आत जाऊन क्रेटपाशी बसून उरलेलं जेवले. पैसे दिले, बडीशेपही घेतली. बाहेर आल्यावर राग आला तो मालकांचा नव्हे, माझाच. समोरच्या तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. त्या चौघांतल्या तिघांना माझ्यासमोर बसता आलं असतं, चौथ्याला स्टूल दिलं असतं. पुरुषांची टेबलं तुमच्याकडे अशीच भरतात. अनोळखी माणूस "बसू का?" म्हणतो, दुसरा ताट थोडं सरकवतो, मिठाची वाटी मध्ये ठेवतो, झालं. माझ्यासमोर बसायला कुणाची हरकत होती, मला अजून कळलेलं नाही. माझी तर नव्हती.

तुमचं म्हणणंही मला ठाऊक आहे, कारण मी तीन-चार जणांशी बोललेय. एक जण म्हणाले, बायकांनाच बाहेर अवघड होतं. खरं आहे, काहींना होतं. लहान बाळ पाजायचं असेल, बुरखा बाजूला करून निवांत जेवायचं असेल, किंवा नुसतंच कुणाच्या नजरेसमोर जेवायचं नसेल, तर पडदा हवाच. माझ्या आईला राजापुरात पहिल्यांदा हॉटेलात नेलं ते माझ्या वडिलांनी, लग्नानंतर. हिरव्या पडद्याच्या केबिनमध्ये बसून तिनं बटाटावडा खाल्ला. ती केबिन नसती तर तिला आतच पाऊल टाकता आलं नसतं, हे ती स्वतः सांगते. म्हणजे त्या पडद्यानं आपल्या बायकांसाठी हॉटेलचं दार उघडलं, त्याचे उपकार मी विसरलेली नाही. खोली मोडा असं मी म्हणतच नाही.

दुसरे एक जण म्हणाले, ताई, बाहेर कोण कसा येतो सांगता येत नाही, एखादा पिऊन येतो, मग शिव्या. हेही खरं. पण त्याला बाहेर काढायचं की मला आत, यात सोपं काय ते तुम्ही ठरवलंत, आणि ते माझ्या वाट्याला आलं. ज्या ज्या ठिकाणी वहिनी गल्ल्यावर असतात तिथं असा माणूस आवाज न करता जेवून जातो, हे मी तीन वर्षांत पुरेसं बघितलंय.

तेव्हा मागणं एवढंच आहे. मी दारात आले की "आत बसा" म्हणू नका, "कुठं बसता?" विचारा. पुरुषाला तुम्ही विचारत नाही, तो दिसेल तिथं बसतो. मला निदान विचारा. उत्तर माझं मी देईन, दुसरी बाई तिचं देईल. आतच बसणाऱ्यांसाठी पंख्याचं बटण आत घ्या, वायरमन दोनशे-तीनशे रुपयांत करून देईल. बेसिन बाहेर काढता आलं तर फारच बरं, जमत नसेल तर मध्ये पत्रा तरी मारा. आणि वहिनी दारात येऊन जे सांगतात ते आतही येऊन सांगा, किंवा फळ्यावर खडूनं लिहा: आज काय गावलं, केवढ्याला. तेवढं लिहिलंत तर 'अस्सल मालवणी' ही पाटी नसली तरी चालेल. मालवण सिंधुदुर्गात आहे, आणि तो जिल्हा आपल्यापासून 1981 साली वेगळा झाला. रत्नागिरीच्या तिखल्याला मालवणच्या नावाचा आधार कशाला? पण हे दुसऱ्या पत्राचं प्रकरण.

हे लिहितेय तेव्हा बाहेर चार दिवसांची झड लागलीय. बंदरात बोटी शाकारून ठेवल्यात, 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, त्यामुळे तुमच्याकडे सध्या सुकट, सोडे, अंडी आणि बर्फातली सुरमई. मागच्या शनिवारी मी सोड्यांचं कालवण खाल्लं, आतच बसून, कारण बाहेर पागोळ्या टेबलावर पडत होत्या आणि आत बसायचं मीच म्हटलं. पोऱ्यानं विचारलं होतं. नव्यानंच लागलाय, त्याला बहुधा कुणी अजून शिकवलं नाही. त्याला शिकवू नका.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी, बोटी पाण्यात गेल्या की, मी साडेबाराला बाजाराकडच्या त्या खानावळीत असेन, खिडकीलगतच्या टेबलाला. पेडवे गावले तर एक प्लेट माझी. गर्दी झाली तर समोरच्या तीन खुर्च्या मोकळ्या आहेत, कुणालाही बसा म्हणा.

आपली,
शनिवारची एक गिऱ्हाईक
रत्नागिरी